हातात काहीच नाही, तरी वजन दिसतं ते कसं? मार्सेल मार्सो सोप्या भाषेत

युवा महोत्सवात मूकनाट्य बघितलंय का कधी? सातारा असू दे, सांगली असू दे नाहीतर कोल्हापूर, शिवाजी विद्यापीठाच्या कुठल्याही जिल्हास्तरीय महोत्सवाला जावा, चित्र साधारण एकच असतं. सहा जण, काळे कपडे, तोंडाला सफेदा, पाच मिनिटं, मागनं लॅपटॉपवरचं म्युझिक, आणि विषय ठरलेले, दारू, हुंडा, मोबाइल, झाडतोड. शेवटी कुणीतरी एक मरतो आणि बाकीचे प्रेक्षकांकडं बोट दाखवून फ्रीज होतात. पोरांची चेष्टा करायची नाहीये मला, मी स्वतः सांगलीतल्या अशा पोरांच्या तालमीला जाऊन बसतो, चहा पितो, मधेमधे नाक खुपसतो. पण खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं काम म्हणजे टीव्ही म्यूट करून बघितल्यासारखं असतं, ओठ हलतात, हात हलतात, आत सगळे डायलॉग चालू असतात, फक्त आवाज तेवढा येत नाही.

यंदा तालमीत एका पोरीनं विचारलं, "सर, बोलायचं नाही हे कळलं. पण मग करायचं काय?"

लई बरोबर प्रश्न. याचं उत्तर द्यायला मला मार्सेल मार्सो हा माणूस सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण विसाव्या शतकात जगभर मूकाभिनय म्हटलं की लोकांना जो चेहरा आठवायचा, पांढरं तोंड, पट्ट्यापट्ट्यांचा बनियन, चेपलेली हॅट आणि तिच्यावर डुलणारं लाल फूल, तो चेहरा त्याचा. आणि त्याचं काम नीट बघितलं की कळतं की तो सगळा धंदा वजनाचा आहे. जी वस्तू स्टेजवर नाहीच तिचं वजन स्वतःच्या अंगावर दाखवता आलं की प्रेक्षकाला ती वस्तू दिसायला लागते, आणि एकदा ती दिसली की बोलायला काही उरतच नाही.

आधी माणूस कोण ते बघू. जन्म २२ मार्च १९२३, फ्रान्समधलं स्ट्रासबर्ग, जर्मनीच्या अगदी बॉर्डरवरचं शहर. खरं आडनाव मांगेल. ज्यू कुटुंब, वडिलांचा मटणाचा धंदा, आणि वडलांना गाण्याबजावण्याची हौस. लहानपणी आईनं चार्ली चॅप्लिनचे सिनेमे दाखवले आणि पोरगं तिथंच बिघडलं, म्हणजे गल्लीतल्या पोरांसमोर वडलांचे कपडे घालून चॅप्लिन करायला लागलं. असे चॅप्लिन आपल्याकडं पण गल्लोगल्ली गॅदरिंगला असतात, काठी आणि मिशी मिळाली की झालं काम. पण हा सोळा वर्षांचा असताना, १९३९ ला, महायुद्ध सुरू झालं, स्ट्रासबर्ग रिकामं करायचे आदेश निघाले आणि हे कुटुंब पार लिमोजला गेलं. पुढं जर्मन सैन्य फ्रान्समधे घुसलं, ज्यूंची धरपकड सुरू झाली, आणि मार्सेल आणि त्याचा भाऊ अलां दोघं भूमिगत चळवळीत शिरले. आडनाव बदलून मार्सो केलं, फ्रेंच क्रांतीतल्या मार्सो नावाच्या एका सेनापतीवरनं.

चळवळीत याचं काम काय, तर खोटी ओळखपत्रं. चित्रकला चांगली होती ना, त्यामुळं ओळखपत्रावरचं वय कमी करायचं, म्हणजे सतरा-अठराचा पोरगा कागदावर लहान दिसला पाहिजे आणि त्याला उचलून नेता कामा नये. दुसरं काम जास्त धोक्याचं, ज्यू मुलांना गुपचूप स्विस बॉर्डरपलीकडं पोचवायचं. त्याचा चुलतभाऊ जॉर्ज या कामातला मोठा माणूस, त्यानं शेकडो मुलं पलीकडं पाठवली, आणि २०१८ मधे १०८ वर्षांचा होऊन गेला. तो सांगायचा की बॉर्डरजवळ मुलांना घेऊन बॉल खेळायचा आणि मुद्दाम बॉल लांब बॉर्डरच्या दिशेनं फेकायचा, आणा रे पोरांनो, की पोरं पळत पलीकडं. मार्सो पण अशा टोळ्यांबरोबर गेला, आणि वाटेत पोरांनी आवाज करू नये, रडू नये म्हणून मूकाभिनय करून त्यांना गुंतवून ठेवायचा. निदान सत्तरेक मुलं वाचवण्यात त्याचा हात होता असं मानतात. २००१ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठानं याच कामासाठी त्याला वॉलनबर्ग मेडल दिलं.

वडील मात्र वाचले नाहीत. १९४४ मधे त्यांना पकडलं आणि आउशवित्झला नेलं, ते परत आले नाहीत. मार्सो पुढं म्हणायचा की छळछावण्यांतनं जे परतले त्यांना त्याबद्दल बोलताच यायचं नाही, आणि आपण शांततेची वाट धरली त्याच्यामागं नकळत कदाचित हेच असेल. हा "कदाचित" त्याचाच आहे आणि तो तसाच राहू द्यावा असं मला वाटतं, कारण यूट्यूबवर याच्यावर लई भावनिक व्हिडिओ आहेत ज्यात सरळ सांगून टाकतात की बाप गेला म्हणून पोरगा बोलायचा थांबला. असं काही झालेलं नाही. स्टेजच्या बाहेर हा माणूस प्रचंड बडबड्या होता, मुलाखत घेणाऱ्यांना आवरायचा नाही, आणि माइमला, म्हणजे मूकाभिनय करणाऱ्याला, कधी बोलतं करू नका, तो थांबत नाही, अशी चेष्टा स्वतःचीच करायचा.

आता शांतता आली कुठनं हा मुद्दा निघालाच आहे तर थोडं मागं जाऊ, कारण इथं एक मजेशीर गोष्ट आहे जी सांगलीकरांना जास्त आवडेल.

फ्रान्समधला मूकाभिनय हा काही फार मोठ्या तत्त्वज्ञानातनं वाढलेला नाही, त्याला लायसन्सनं हातभार लावला. नेपोलियननं १८०७ ला पॅरिसच्या नाटकधंद्यावर कडक बंधनं आणली, मोजक्या थिएटरांना परवानगी, आणि कुणी काय करायचं ते पण ठरलेलं. लहान थिएटरांनी डोंबारखेळ करा, दोरीवर चाला, मूकनाट्य करा, पण मोठ्या थिएटरांसारखं संवादाचं नाटक करायचं नाही. अशाच एका दोरीवरच्या खेळांच्या थिएटरात दब्युरो नावाचा नट होता, जन्म १७९६ चा, मूळचा बोहेमियाकडचा. ढगळ पांढरे कपडे, पांढरं तोंड, आणि पिएरो नावाचं एक भोळं-बिलंदर पात्र. हे पात्र जुन्या इटालियन तमाशातनं आलेलं, पण दब्युरोनं ते असं केलं की अख्खं पॅरिस बघायला यायला लागलं. १८३६ ला रस्त्यात एका पोरानं त्याला चिडवलं, यानं काठी मारली आणि ते पोरगं मेलं. खटला उभा राहिला, आणि म्हणतात की कोर्टात तुडुंब गर्दी झाली ती निकालासाठी नाही, दब्युरोचा आवाज कसा आहे ते ऐकायला. सुटला तो. १८४६ ला वारला.

आणि याच्या मरणाच्या तीन वर्षं आधी, १८४३ ला, इकडं सांगलीत विष्णुदास भावे चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारात "सीतास्वयंवर" करत होते. दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आला की आपण नाट्यपंढरी नाट्यपंढरी म्हणून स्टेटस टाकतो, पण ते नाटक चालायचं कसं हे फार कुणी बघत नाही. त्यात आजच्यासारखी लिहिलेली संवादांची संहिता नव्हती. सूत्रधार पदं म्हणायचा, गोष्ट त्याच्या गाण्यातनं पुढं जायची, पात्रं त्यावर अभिनय करायची आणि बोलायचं ते ऐनवेळी मनानं. म्हणजे गोष्ट सूत्रधाराच्या गळ्यात आणि ती दाखवायचा भार नटाच्या अंगावर. राक्षस आला की आरडाओरडा, उड्या, तलवारी, विदूषकाच्या माकडचेष्टा, सगळं शरीरानं. तिकडं पॅरिसमधे सरकारनं बोलू दिलं नाही म्हणून शरीर बोलायला लागलं, इकडं गाणं होतं म्हणून शरीराला वाव मिळाला. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण एकाच काळात दोन्हीकडं चालू होतं. आपल्याकडं पुढं संहिता आली, संगीत नाटक आलं, आणि नट गळ्यावर आणि शब्दावर जास्त चालायला लागला, अंगानं खेळायचं काम तमाशातल्या सोंगाड्याकडं राहिलं. मला विचाराल तर आपल्या महोत्सवातल्या पोरांना फ्रेंच माइमपेक्षा चांगला सोंगाड्या बघितल्यानं जास्त फायदा होईल, पण ते सोडा, विषय लांब जाईल.

तर मार्सो. पॅरिस जर्मनांच्या ताब्यातनं सुटल्यावर तो फ्रेंच सैन्यात गेला, इंग्रजी येत होतं, जर्मन येत होतं, त्यामुळं अमेरिकन जनरल पॅटनच्या फौजेशी दुभाष्यासारखं काम मिळालं, आणि त्याच सैनिकांसमोर, तीनेक हजार लोकांसमोर, त्यानं पहिला मोठा खेळ केला. मग पॅरिसमधे शार्ल द्युलँच्या नाट्यशाळेत शिकायला गेला आणि तिथं त्याला गुरू भेटला, एत्येन दक्रू.

हा दक्रू म्हणजे अवघड माणूस. १८९८ चा जन्म. तरुणपणी ज्या नाट्यशाळेत शिकला तिथं तोंडावर मुखवटा घालून, जवळजवळ उघड्या अंगानं, फक्त शरीरानं प्रसंग करायचा व्यायाम होता. बाकीच्यांच्या दृष्टीनं तो एक व्यायाम होता, दक्रूनं त्यालाच आयुष्य वाहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं, आपण अभिनय म्हणजे चेहरा आणि हात समजतो, पण चेहरा आणि हात खोटं बोलण्यात पटाईत असतात, खरं काय ते धडात असतं. मान, छाती, कंबर, पाठ. म्हणून चेहरा झाका आणि धड बोलतं करा. पियानोच्या एकेक पट्टीसारखं मान वेगळी हलली पाहिजे, छाती वेगळी, कंबर वेगळी, एक हलताना दुसरं हलायचं नाही. करून बघा आत्ता बसल्याजागी, खांदे अजिबात न हलवता फक्त छाती उजवीकडं न्यायची. नाही जमत. महिनोन्महिने लागतात त्याला. आणि हा माणूस इतका कडक की गर्दीसाठी खेळ करणं त्याला फारसं रुचायचंच नाही, स्वतःच्या घरात मोजक्या लोकांसमोर प्रयोग करायचा.

आता येतो मुख्य भाग, वजनाचा. इथं थोडं सावकाश वाचा.

समजा एसटी बंद पडलीय आणि तुम्ही मागनं ढकलताय. खरी एसटी असते तेव्हा तुम्ही अख्खं अंग पुढं टाकता आणि एसटीच तुम्हाला पेलून धरते, ती नसती तर तुम्ही तोंडावर पडला असता. आता स्टेजवर एसटी नाही. तसंच अंग टाकलं तर पडणार. नाही टाकलं तर ढकलतोय असं वाटणार नाही, नुसते हात पुढं करून उभा आहे असं दिसणार, आणि आपली पोरं नेमकी इथंच अडकतात, मग दात ओठ खाऊन, कपाळावर आठ्या आणून जोर दाखवतात. दक्रूचा मार्ग असा की मागचा पाय ताणून सरळ ठेवायचा, जणू सगळा जोर तिथनं येतोय, आणि पुढचा गुडघा वाकवून गुपचूप सगळं वजन त्या पुढच्या पायावर घ्यायचं. बघणाऱ्याची नजर ताणलेल्या पायावर आणि हातांवर जाते, वाकलेल्या पायाकडं कुणी बघत नाही. म्हणजे जो पाय राबतोय असं दिसतं तो मोकळा असतो आणि जो खरा राबतोय तो निवांत दिसतो. मूकाभिनयातलं निम्मं शास्त्र या एका वाक्यात आहे, बाकी निम्मं रियाज.

पाण्यानं भरलेली बादली उचलायची तर हात खाली दाखवून चालत नाही, बादलीच्या उलट बाजूला अंग झुकलं पाहिजे, दुसरा हात आपोआप बाहेर गेला पाहिजे, आणि उचलायच्या आधी एक क्षण श्वास धरला पाहिजे कारण जड वस्तूला हात लावायच्या आधी आपलं अंग तयारी करतं. रिकामी बादली आणि भरलेली बादली यांतला फरक हातात नसतोच, तो पाठीत आणि श्वासात असतो. पोरांना मी सांगतो आधी खरी बादली उचला, दहा वेळा उचला, मग सोडून द्या आणि बघा अंगाला काय आठवतंय.

भिंतीचं पण तेच. सगळ्यांना येणारी ती काचेची भिंत, दोन हात पुढं करून थापत जायचं. ती खरी वाटायला दोनच गोष्टी लागतात. एक, हात येताना सैल येतो आणि भिंतीला लागताक्षणी टक्कन सपाट होतो, बोटं पसरतात, एकदम थांबतो. हा टक्क नसेल तर भिंत नाही, तिथं धुकं आहे. दोन, एकदा हात लागला की तो हवेतल्या त्या जागेवरनं हलता कामा नये, तुम्ही डावीकडं सरका, खाली वाका, हात तिथंच. बोलायला सोपं आहे, पण अंग हलतंय आणि तळवा जागेवर ठेवायचा म्हणजे खांदा, कोपर, मनगट तिघांनी मिळून हिशोब जुळवायचा. त्यात डोळ्यांचा क्रम आहे, आधी नजर जाते, मग मान, मग छाती, मग हात. पोरं आधी हात टाकतात आणि मग बघतात, त्यामुळं प्रेक्षकाला कळत नाही की तिथं काय होतं.

यात नुसती समजूत नाही, थोडं विज्ञान पण आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मधे एक मजेशीर प्रयोग छापला. लोकांना व्हिडिओ दाखवले, त्यात माणूस न दिसणाऱ्या भिंतीला थडकतो किंवा न दिसणाऱ्या खोक्यावर पाय देतो. आणि नंतर लगेच त्या जागी एक रेघ चमकते, उभी किंवा आडवी, आणि ती कशी आहे ते पटकन सांगायचं. थडकण्यानंतर उभी रेघ आली तर लोक लवकर ओळखायचे, पाय दिल्यानंतर आडवी आली तर लवकर. व्हिडिओकडं दुर्लक्ष करा असं सांगून सुद्धा. म्हणजे भिंत नाही हे माहिती असताना पण डोकं आपोआप तिथं एक पृष्ठभाग मांडून टाकतं, आपण कल्पना करायला बसत नाही. नटाच्या अंगावर धडकेचा परिणाम नीट दिसला की बाकीचं बांधकाम बघणाऱ्याचं डोकं फुकटात करून देतं.

आता त्या प्रसिद्ध वाऱ्याचं. मार्सोचा एक प्रसंग आहे, वाऱ्याच्या विरुद्ध चालणं. माणूस पुढं झुकलाय, चालतोय, चालतोय, आणि जागेवरच आहे. ही जागच्या जागी चालायची युक्ती त्याच्या आधी दक्रू आणि झाँ-लुई बारो नावाचा फ्रेंच नट या दोघांनी १९३० च्या आसपास मिळून बसवली होती. यात परत तेच, जो पाय सपाट जमिनीवर आहे, ज्यावर वजन आहे असं वाटतं, तो मागं घसरत असतो आणि वजन असतं टाच उचललेल्या दुसऱ्या पायाच्या चवड्यावर. ओळखीचं वाटतंय? १९८३ ला मायकल जॅक्सननं टीव्हीवर जो मूनवॉक केला त्याची अंगाची गंमत हीच, टाच उचललेला पाय भार घेतो आणि सपाट पाय मागं सरकतो. जॅक्सन मार्सोचा चाहता होता आणि मूनवॉकच्या आधी कृष्णवर्णीय नर्तकांत पण ही घसरण चालायची, त्यामुळं सगळं श्रेय मार्सोला देणारे मेसेज फॉरवर्ड करू नका. पण बघताना पाय बघा, दोन्हीकडं तोच पाय खोटं बोलतोय.

मग मार्सो दक्रूपेक्षा वेगळा कुठं? दक्रूनं चेहरा झाकला, मार्सोनं चेहरा परत आणला. गुरूला शुद्ध कला पाहिजे होती, चेल्याला लोक हसायला पाहिजे होते. त्यानं दक्रूकडनं सगळं तंत्र घेतलं आणि दब्युरोकडनं पांढरं तोंड, आणि २२ मार्च १९४७ ला, स्वतःच्या चोविसाव्या वाढदिवशी, पॅरिसच्या एका चिमुकल्या थिएटरात बिप नावाचं पात्र उभं केलं. बिप म्हणजे जगाशी रोज झगडणारा आणि रोज हरणारा साधा माणूस, कधी फुलपाखरामागं पळतोय, कधी सिंहाला वळण लावतोय, कधी आगगाडीत डुगडुगतोय. चॅप्लिनचा भटक्या याचा बाप म्हणा, पण चॅप्लिनकडं खरी काठी, खरं दार, खरी खुर्ची असायची. बिपकडं काहीच नाही. स्टेज रिकामं.

आणि यात हसू येतं कुठनं हे पण समजून घेण्यासारखं आहे, कारण विनोदी नटाचं हे खरं काम. प्रेक्षकाला आधी नियम पटला पाहिजे. इथं टेबल आहे, इथं पायरी आहे, हा ग्लास भरलेला आहे. दोनतीनदा तो नियम काटेकोर पाळला की प्रेक्षक स्वतःच त्या टेबलाचा राखणदार होतो, आणि मग नट विसरून त्या टेबलातनं आरपार चालत गेला आणि थबकून मागं वळून बघितलं की थिएटर हसतं. नियमच पाळला नसेल तर मोडल्याचं हसू कसं येणार? आपल्याकडं पहिल्याच मिनिटाला कुणीतरी त्या अदृश्य टेबलातनं चुकून जातो आणि कुणी हसत पण नाही, कारण टेबल होतंच कुठं.

मार्सोचं सगळ्यात चांगलं काम कुठलं म्हणाल तर माझं मत ठाम आहे, मुखवटे करणाऱ्याचा प्रसंग. यात तो मुखवटे बनवणारा कारागीर आहे. हातानं चेहऱ्यासमोरनं मुखवटा चढवतो, हसरा. काढतो. रडका चढवतो. काढतो. मग खेळ म्हणून भराभर, हसरा रडका हसरा रडका, तळवा चेहऱ्यावरनं फिरला की चेहरा बदललेला, इतक्या झटक्यात की लोक टाळ्या वाजवतात. आणि मग हसरा मुखवटा अडकतो. निघत नाही. आधी तो सहज ओढतो, मग दोन्ही हातांनी, मग घाबरतो, मग तडफडतो, जमिनीवर पडतो, खांदे हुंदके देतायत, पोट आत गेलंय, बोटं कानामागं फट शोधतायत, आणि चेहऱ्यावर ते मोठ्ठं हसू तसंच चिकटलेलं. एकाच माणसाचं मानेवरचं एक सांगतंय आणि मानेखालचं दुसरं. दक्रू म्हणायचा ना की चेहरा खोटं बोलतो आणि धड खरं, ते मार्सोनं इथं गोष्ट करून दाखवलं, आणि ते पण हसवत हसवत. तंत्र म्हणून हे किती अवघड आहे याचा अंदाज घ्यायचा असेल तर आरशासमोर मोठं हसू धरून ठेवा आणि गळ्याखाली रडा. काही सेकंदात एकतर हसू मोडतं नाहीतर रडू खोटं होतं. आधी सांगितलेला न दिसणारा राबता पाय इथं पण आहे, फक्त आता भार घेतोय पाठीचा कणा, आणि लोक बघतायत चेहऱ्याकडं.

दुसरा एक प्रसंग आहे, तारुण्य, प्रौढपण, म्हातारपण, मरण. पोटातल्या गर्भासारखा आवळलेला सुरुवातीला, मग उलगडत जातो, चालायला लागतो, चाल ताठ होते, मग जड, मग वाकते, आणि परत तसाच आवळून संपतो. सगळं काही मिनिटांत. कागदावर वाचताना भाबडं वाटतं, बघताना वाटत नाही, कारण वय तो चेहऱ्यावर दाखवत नाही, चालताना वजन कुठं पडतंय ते बदलत जातो.

पुढची कारकीर्द मोठी आहे पण भराभर सांगतो. १९५५ मधे न्यूयॉर्कला गेला आणि तिथनं जगभर नाव झालं, पुढं जवळजवळ पन्नास वर्षं सूटकेस घेऊन फिरत राहिला. १९६७ ला पॅरिसच्या विमानतळावर चॅप्लिन दिसला, तेव्हा मार्सो स्वतः जगप्रसिद्ध होता, तरी जाऊन त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. १९७० च्या सुमारास अमेरिकेत त्याच्या नावाची एक रेकॉर्ड पण निघाली होती, दोन्ही बाजूंना नुसती शांतता आणि शेवटी टाळ्या. आणि १९७६ ला मेल ब्रुक्सनं "सायलेंट मूव्ही" नावाचा संवाद नसलेला सिनेमा काढला, सगळे बोलणारे नट गप्प, आणि अख्ख्या सिनेमात ऐकू येणारा एकच शब्द आहे, तो मार्सोच्या तोंडी. फोन वाजतो, तो वाऱ्याशी झुंजत फोनपर्यंत पोचतो, त्याला विचारतात आमच्या मूकपटात काम करणार का, आणि तो फ्रेंचमधे म्हणतो, "नाँ!" इकडं शेजारचा विचारतो काय म्हणाला, तर हिरो सांगतो, मला फ्रेंच येत नाही. ब्रुक्सची ही एक जागा मला त्या सगळ्या सिनेमापेक्षा भारी वाटते.

१९७८ ला पॅरिसमधे स्वतःची शाळा काढली, ती २००५ पर्यंत चालली. तोपर्यंत माइमची हवा जरा उतरलीच होती, रस्त्यावर पांढरं तोंड करून काचेची भिंत करणारे इतके झाले की अमेरिकेत माइम हा विनोदाचा विषय झाला. त्याला मार्सोचं यश पण कारणीभूत आहे असं मला वाटतं, कारण लोकांनी त्याच्याकडनं सफेदा आणि बनियन उचलला, पाठीचा कणा कुणी उचलला नाही. २२ सप्टेंबर २००७ ला तो गेला, ८४ वर्षांचा होऊन, पॅरिसच्या पेर लाशेझ कबरस्तानात आहे. आणि २००९ मधे त्याच्या सामानाचा पॅरिसमधे लिलाव झाला, कर्ज फेडायला. इतकी वर्षं हाउसफुल्ल खेळ करून. आपल्याकडच्या नाटकवाल्यांना हे वाचून काही आश्चर्य वाटणार नाही.

त्याचा वाढदिवस २२ मार्च आता बऱ्याच ठिकाणी जागतिक माइम दिवस म्हणून करतात. आपल्याकडं भारतात कोलकात्यात जोगेश दत्त आणि निरंजन गोस्वामी यांनी या कलेवर आयुष्यभर काम केलंय, त्यांचं काम मिळालं तर जरूर बघा, बंगाली अंगाची लय वेगळीच आहे. आणि घरात सगळ्यांनी मिळून बघायचं असेल तर १९८७ चा कमल हासनचा "पुष्पक" लावा, एकही संवाद नाही, लहान पोरं पण टिकून बघतात.

मार्सोचे प्रसंग इंटरनेटवर सापडतात, जुने आहेत, प्रिंट खराब आहे. सुरुवात मुखवट्यांपासून करा. पहिल्यांदा नुसतं बघा, मजा घ्या. दुसऱ्यांदा बघताना मोबाइलच्या स्क्रीनवर अंगठा ठेवून त्याचा चेहरा झाका आणि फक्त गळ्याखालचं बघा. तालमीत पोरांना मी हेच करायला लावलं. ज्या पोरीनं प्रश्न विचारला होता ती मधेच म्हणाली, "सर, हा आता रडतोय ना?" अंगठा काढला तर चेहरा दात काढून हसत होता. मग बराच वेळ सगळ्यांनी एसटी ढकलली, आणि शेवटी कुणाकुणाचा पुढचा गुडघा दुखायला लागला तेव्हा म्हटलं चला, आता वजन बरोबर पायावर आलं.